आधी ओळख, मग निवाडा

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागेतली सकाळची फेरी चुकवून चालत नाही. काड्यांवरचे डोळे फुगू लागलेले असतात आणि नाशिक असो की तासगाव, बागायतदाराच्या वर्षाचा हिशेब त्या डोळ्यांवरच असतो. नेमक्या याच दिवसांत उडद्या येतो. हा भुंगेरा जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा. फुगलेला डोळा तो कोरून खातो. खाल्लेला डोळा फुटत नाही. तिथली फूटही गेली आणि घडही.

त्याला ओळखायचं कसं? अंग तांबूस आणि चकाकतं, जणू नुकतंच घासलेलं तांब्याचं भांडं. पाठीवर सहा काळपट ठिपके. दोन्ही टणक पंख मधोमध सरळ रेषेत जुळलेले. ही बहुतेक भुंगेऱ्यांची खूण. भुंगेऱ्यांची अशी धातूसारखी झळाळी बहुधा रंगद्रव्यातून येत नाही. कवचाच्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणारा प्रकाश ती दाखवतो, म्हणून कोन बदलला की छटाही बदलते. वेलीला धक्का लागला की उडद्या पाय आखडून टपकन खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. ही लबाडीच त्याला पकडून देते. वेलीखाली रॉकेल घातलेल्या पाण्याची परात धरायची आणि वेल झटकायची. खोडाची सुटलेली सालही काढून टाकायची, कारण तो अंडी तिच्याखाली घालतो.

पण त्याच वेलीवर दुसराही एक चिमुकला भुंगेरा भेटतो. त्याचे पंख काळपट आणि डोकं नारिंगी. नाव क्रिप्टोलिमस. पिठ्या ढेकूण खाऊन तो बाग राखतो. नुसतं ‘किडा दिसला’ म्हणून पंप पाठीवर घेतला, तर चोराबरोबर राखणदारही मरतो.

ओळख नसली की माणूस सरसकट वार करतो. झाडापाशी थांबून, पान उलटून, ठिपके मोजून पाहायला जो वेळ लागतो, तो वाया गेलेला नसतो. तेवढ्या वेळात आपल्याला शत्रू आणि सोबती वेगळे कळतात. बागेत हे खरं आहे, तसं माणसांतही. आज कुणाविषयी मत बनवण्याआधी एवढा वेळ त्यालाही देऊ या.