तराफा सोडण्याआधी

14 ऑक्टोबर ही तारीख नागपूरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. 1956 साली या दिवशी बाबासाहेबांनी इथे लाखो लोकांसह बुद्धाच्या धम्माचा स्वीकार केला. 2025 साली याच तारखेला विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट बंद झाली. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पण मी नागपुरातल्या इंदोऱ्यात डीटीपीचं काम करते आणि माझ्याकडे येणारं बहुतेक काम धम्माच्या पुस्तकांचं असतं, त्यामुळे माझ्या टेबलावर या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्याआधी आमची धावपळ असते. त्या धावपळीत लेखक, छोटे प्रकाशक, विहारातले कार्यकर्ते, सगळे एकच विचारत होते, “ताई, कॉम्प्युटर विंडोज 11 वर नेला तर जुनं सगळं चालेल न?”

हा प्रश्न मला कॉम्प्युटरपुरता वाटत नाही. आधार बदलला की त्यावर उभी असलेली गोष्ट उरते का? आणि ‘उरते’ म्हणजे नेमकं काय उरतं? अडीच हजार वर्षांपूर्वी लोक भगवंतांना हेच विचारत होते, फक्त माणसाबद्दल.

तेव्हा दोन उत्तरं प्रचलित होती. एक शाश्वतवाद: आत कायमचं काही तरी आहे, देह बदलले तरी त्याला धक्का लागत नाही. दुसरा उच्छेदवाद: देह संपला, सगळं संपलं, मागे काही राहत नाही. भगवंतांनी दोन्ही टोकं नाकारली. माझ्या दुकानात ही दोन्ही टोकं रोज येऊन बसतात.

एक निवृत्त शिक्षक आले होते. बुद्धचरित्रावरचं त्यांचं पुस्तक 2002 च्या सुमारास छापलं गेलं होतं, आता दुसरी आवृत्ती काढायची होती. सोबत सीडी होती. त्यांना म्हटलं, “गुरुजी, हे पेजमेकरमध्ये केलंय. फॉन्ट कुठला होता, आठवतं का?” ते म्हणाले, “फॉन्टचं मला काय माहीत ताई? फाइल तर आहे न माझ्याजवळ. फाइल आहे म्हणजे पुस्तक आहे.” हा शाश्वतवाद. जुनं वस्त्र टाकून नवं नेसावं तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेतला दृष्टान्त आपल्या सगळ्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेला असतो. फाइलबद्दलही आपण नकळत तसाच विचार करतो.

याउलट एक तरुण प्रकाशक म्हणतो, “जुनं सगळं उडवा ताई. नवीन मशीन, नवीन सॉफ्टवेअर, नवीन सुरुवात. अनित्यच आहे सगळं.” हा उच्छेदवाद, आणि तो अनित्यतेचं नाव घेऊन येतो म्हणून जास्त फसवा.

गुरुजींची फाइल मी माझ्या नव्या यंत्रावर उघडून दाखवली. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, मधेच डॉलर. फाइल खराब झालेली नव्हती, तिच्यातला एकही कण हरवलेला नव्हता. मुळात त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. त्या काळच्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रं बसवलेली असत. श्री-लिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची मांडणी निराळी. पेजमेकर, तोच विशिष्ट फॉन्ट आणि त्यांना चालवणारी विंडोज एकत्र आली की पडद्यावर ‘बुद्ध’ उमटायचं. एक जरी सुटलं तरी उमटत नसे. कारणं जुळली की गोष्ट उपजते, कारणं सुटली की मावळते. प्रतीत्यसमुत्पादावर मी कितीतरी पुस्तकं जुळवली आहेत, पण तो इतका उघडा क्वचित दिसतो.

म्हणून कुणी अपग्रेडचं विचारलं की मी आधी कारणांची यादी करायला बसवते. कोणते प्रोग्राम रोज लागतात आणि कोणते वर्षातून एकदाच? वर्षातून एकदा लागणारेच विसरले जातात आणि तेच अडवतात. प्रोग्राम किती बिटचा आहे? विंडोज 11 फक्त 64 बिटची येते. 32 बिटचे पुष्कळ प्रोग्राम तिच्यावर चालतात, 16 बिटचे चालत नाहीत. पेजमेकर 7.0 हा 2001 चा आणि शेवटचा. त्याच्या फाइली इनडिझाइन सीएस6 पर्यंत उघडत, नंतरच्या आवृत्त्यांनी ते सोडून दिलं. जुन्या मराठी सॉफ्टवेअरला कित्येकदा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लागतो. तो प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लावायचा असेल तर नव्या यंत्रावर तशी जागाच नसते. यूएसबीचा असेल तर त्याचा ड्रायव्हर 64 बिटचा मिळतो का ते बघायचं. प्रिंटरचंही तसंच. मायक्रोसॉफ्टचं हेल्थ चेक हे अ‍ॅप प्रोसेसर, मेमरी, टीपीएम ही सुरक्षा-चिप पाहून यंत्र पात्र की अपात्र ते सांगतं. तुमचं पुस्तक उघडेल का, हे ते सांगत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं. आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा वेगळ्या ड्राइव्हवर काढायची, मग दुसऱ्या यंत्रावर किंवा दुसऱ्या डिस्कवर नवी विंडोज टाकून एकेक गोष्ट चालवून बघायची, आणि मगच रोजच्या यंत्राला हात लावायचा.

आता मिलिंद राजाचा प्रश्न. ग्रीक वंशाचा हा राजा, सागल नगरी त्याची राजधानी. त्याने भदंत नागसेनांना विचारलं की इकडून तिकडे काहीच जात नसेल तर पुनर्जन्म कसा होईल? नागसेनांनी दिव्यावर दिवा लावण्याचा दाखला दिला, तो बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच्या पाठोपाठचा दाखला कमी सांगितला जातो, मला तो जास्त मोलाचा वाटतो. लहानपणी राजा गुरूकडून एक श्लोक शिकला होता. तो श्लोक गुरूला सोडून राजाकडे आला का, असं नागसेन विचारतात. राजा म्हणतो, नाही. श्लोक गुरूपाशी होता तसा राहिला, आणि शिष्यापाशीही आला. वस्तू हलली नाही, तरी परंपरा पुढे गेली.

पण श्लोक आपोआप येत नाही. शिष्याने घोकावा लागतो, गुरूने म्हणून घ्यावा लागतो, चुकला तर तिथेच दुरुस्त करावा लागतो. आत्मा नसताना सातत्य कसं, हा प्रश्न बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच मांडला आहे, आणि ग्रंथात पुढे पुनर्जन्म कशाचा, याची चर्चा आत्मा बाजूला ठेवून महाभूतं आणि ऊर्जा यांच्या आधारे केली आहे. माझ्या कामापुरतं मला त्यातून एवढं कळलं: आत्मा नसला तरी सातत्य असू शकतं, पण ते कुणाच्या तरी कष्टाने असतं.

ते कष्ट कसे असतात, हे एका शब्दावर दाखवते. ‘निर्वाण’ घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो डोळ्याला दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो: आधी पहिली वेलांटी, मग न, मग व, काना, त्यावरचा रफार आणि शेवटी ण. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: न आधी, वेलांटी नंतर, आणि रफाराचा र, व च्याही आधी. म्हणजे एका शब्दात दोन ठिकाणी क्रम उलटा करावा लागतो. कन्व्हर्टर ते बहुधा करतो, पण वेलांटीपुढे जोडाक्षर आलं किंवा रफारावर अनुस्वार आला की घसरतो. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला आपला अर्धचंद्रासारखा र ठाऊक नसतो. तो ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करतो. दरीच्या जागी समुद्र येतो, शब्द मात्र शुद्धच दिसतो, म्हणून नजर तिथे अडत नाही. म्हणून मी ‘निर्वाण’, ‘दुसऱ्या’, ‘स्थिती’, ‘कर्मांचा’, ‘क्लेश’, ‘सृष्टी’ अशा अवघड शब्दांचं एक पान करून ठेवलं आहे. पुस्तकाआधी ते पान रूपांतरातून काढायचं. पान पार पडलं तर पुस्तक घालायचं.

एवढे कष्ट कुणी घेतले नाहीत तर काय होतं, ते आपल्याच भूमीने पाहिलं आहे. अशोकाने शिळेवर लेख कोरले. शिळेइतकं टिकाऊ माध्यम माणसाला अजून सापडलेलं नाही. तरी चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकस्तंभ दिल्लीला आणवला तेव्हा त्यावरची अक्षरं वाचू शकणारा पंडित त्याला मिळाला नाही. ब्राह्मी लिपी पुन्हा वाचता आली ती 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांच्या परिश्रमाने. आपल्या नालासोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 साली भगवानलाल इंद्रजींना मिळाला. तो त्यांना वाचता आला, कारण प्रिन्सेप आधी होऊन गेले होते. दगडावरची अक्षरं शाबूत होती, वाचणाऱ्यांची साखळी तुटली होती. फाइल तीच, फॉन्ट हरवलेला.

आणि कष्ट घेतले तर काय होतं, त्याची गोष्ट सिंहलद्वीपाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या भाष्यात, आहे. दुष्काळ आणि लढायांच्या काळात ‘महानिद्देस’ हा ग्रंथ मुखोद्गत असलेला एकच भिक्खू उरला, आणि त्याचं शील चांगलं नव्हतं. महारक्खित थेर त्याच्याजवळ बसून शिकायला तयार नव्हते. ज्येष्ठ थेरांनी त्यांची समजूत घातली, मी तुमच्याशेजारी बसतो म्हणाले, तेव्हा ते शिकले आणि ग्रंथ टिकला. धम्म तोंडी परंपरेतून ताडपत्रांवर उतरला तोही त्याच बेटावर, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. जुना आधार पूर्ण ढासळण्याआधी कुणी तरी मोजदाद केली: काय कुणाजवळ आहे, किती जणांजवळ आहे, कोण गेला तर काय जाईल. माझ्या यादीत मी याहून वेगळं काय विचारते?

उच्छेदवादी तरुणालाही उत्तर द्यायला हवं, कारण त्याच्या बाजूला थोडं सत्य आहे. जुनं यंत्र तसंच कवटाळून बसणं हाही मोहच. सुरक्षा-अपडेट नसलेली विंडोज इंटरनेटला जोडून ठेवणं धोक्याचं आहे. लेखकांची बँकेची माहिती, कार्यकर्त्यांचे फोन नंबर त्याच यंत्रात असतात. म्हणून माझ्याकडची जुनी विंडोज एक्सपी नव्या यंत्राच्या आत, व्हर्च्युअल मशीनमध्ये, नेट तोडून ठेवलेली आहे. जुन्या फाइली उघडून पुढे नेण्यापुरती ती चालू करायची. काम झालं की बंद.

मज्झिम निकायात तराफ्याचा दृष्टान्त आहे. नदी ओलांडायला माणूस काटक्याकुटक्यांचा तराफा बांधतो. पलीकडे गेल्यावर तो तराफा डोक्यावर घेऊन चालत नाही, तिथेच सोडतो. धम्मही पार होण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही, असं भगवंत सांगतात. जुनं टाकून देऊ म्हणणारे हा दृष्टान्त आवडीने सांगतात. मला त्यातली अट दिसते. तराफा सोडायचा तो पैलतीर लागल्यावर. पाय जमिनीला टेकले की नाही हे न बघता मधेच सोडला, तर त्याला अनासक्ती म्हणत नाहीत, बुडणं म्हणतात.

गुरुजींच्या पुस्तकाचा फॉन्ट शेवटी मूळ छापखान्याच्या एका जुन्या बॅकअपमध्ये सापडला. मजकूर युनिकोडमध्ये आला, आणि मग आम्ही तो मोठ्याने वाचला. गुरुजी छापील पहिल्या आवृत्तीवर बोट ठेवून वाचत आणि मी पडद्यावर बघत असे. राजगृहाला पहिल्या संगीतीत भिक्खूंनी एकत्र बसून धम्माचं संगायन केलं, एकाने सांगितलं आणि सगळ्यांनी पडताळलं. परंपरा पुढे न्यायची यापेक्षा सोपी रीत मला माहीत नाही. पुस्तक छापून झालं तेव्हा गुरुजींनी त्याची फाइल मागितली, सोबत फॉन्टही मागितला, आणि कुठल्या प्रोग्रामच्या कुठल्या आवृत्तीत केलं ते कागदावर लिहून मागितलं.

सार अमर आहे असं मानणाऱ्याला निर्धास्त झोपता येईल. त्याच्या मते ते सार त्याच्यावाचूनही टिकणार आहे. अनात्म मानणाऱ्या माझ्यासारखीला ती मुभा नाही. जे पुढे जावं असं मला वाटतं, ते कुणी तरी उचलून नेलं तरच जाणार, आणि तपासून नेलं तरच धड पोहोचणार. ते काम आज ज्याच्या हाती आहे, त्याच्यावरच त्याची जबाबदारी आहे.