अंतर

माइनक्राफ्टमध्ये नेदररॅकवर पेटवलेली आग आपोआप विझत नाही. ती वरच्या दिशेने चार ब्लॉकपर्यंत उडी मारते, मध्ये दगड असला तरी. म्हणजे लाकडी घराला वाचवतं ते अंतर. नुसती दगडी भिंत पुरत नाही.

सोपा उपाय वेगळा आहे. 2020 मध्ये आलेल्या क्रिमसन आणि वॉर्प्ड फळ्या जळतच नाहीत. त्यांचं घर बांधा, आत हवी तशी आग पेटवा. पण सर्व्हरवर भिंतीला भिंत लावून दुसऱ्याचं ओकच्या फळ्यांचं घर असेल, तर? माझं घर सुरक्षित झालं, माझी आग नाही. जोखीम मी पत्करली, शेजाऱ्याला कुणी विचारलं?

गेममध्ये आग पसरण्याचा नियमच बंद करता येतो. इकडे डहाणूत, वरोरला, तसं बटण नाही. कारवीच्या कुडाला माती-शेणाने लिंपलं, तर भिंत सहज पेटत नाही. गवताच्या छपराला मात्र एक ठिणगी पुरते, आणि वारा कुणाचं छप्पर ते बघत नाही.

म्हणून घर बांधताना पहिला प्रश्न ‘माझं जळेल का?’ हा नसावा. ‘माझ्यामुळे कुणाचं जळेल?’ हा असावा. त्याचं उत्तर फळ्या बदलून मिळत नाही. त्यासाठी आपल्याच जागेतले चार ब्लॉक रिकामे सोडावे लागतात.