परिपाठात मूल कुठे आहे?

शाळेत धर्म असावा की नाही, हा वाद इंग्रजी अमलापासून चालू आहे. त्यात सरकार बोलतं, संस्थाचालक बोलतात, पालक बोलतात. ज्याला रोज सकाळी रांगेत उभं राहायचं असतं, ते मूल या वादात फार उशिरा आलं.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांसाठी धार्मिक तटस्थतेचं धोरण पुढे नेलं. त्यात मुलांच्या मनापेक्षा राज्य निर्वेध चालवण्याची काळजी अधिक होती, असं मला वाटतं. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत हा प्रश्न न्यायाच्या पायावर आणला. कर सगळ्यांचा आणि शिकवण एकाच धर्माची, हे त्यांना मान्य नव्हतं. पुढे २८ वं कलम आलं. केवळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते संमतीशिवाय लादता येत नाही. मात्र मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकाची! कोठारी आयोगाने एखाद्या धर्माची शिकवण आणि धर्मांविषयीची ओळख यांत फरक केला, तोही मोलाचा.

मूल स्वतः पुढे आलं १९८५ साली, केरळात. यहोवाचे साक्षीदार या पंथातली तीन भावंडं, धाकटी पाचवीत. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, फक्त आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेत त्याचा कुणाला त्रास नव्हता. एका आमदाराने ते पाहिलं, प्रश्न विधानसभेत नेला. चौकशीत मुलांनी अनादर केल्याचं आढळलं नाही, तरी त्यांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयातही निराशाच पदरी आली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. गायलाच हवं असा कायदा नाही, आणि शांत उभं राहणं हा अनादर नव्हे. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी ती श्रद्धा बरोबर की चूक हे तपासलं नाही, ती मुलांनी मनापासून जपलेली आहे का एवढंच पाहिलं. पाचवीतल्या मुलीलाही सद्सद्विवेक असतो, हे या देशाने तेव्हा मान्य केलं. मला हा निकाल आपल्या नागरिकत्वाचा सर्वांत सुंदर धडा वाटतो.

तो प्राथमिक शाळेच्या पटांगणावर अजून पोचलेला नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचायची असं ठरलं. श्रद्धा आणि उपासनेच्या स्वातंत्र्याचं वचन मुलं एका सुरात वाचतात, आणि अनेक शाळांत लगेच सगळ्यांनाच हात जोडून डोळे मिटायला सांगितलं जातं. ज्याच्या घरी ती प्रार्थना नसते, ते मूल शेजारच्याकडे बघून ओठ हलवायला शिकतं. प्रार्थना असू नये असं माझं म्हणणं नाही. साने गुरुजींची प्रार्थना किती पिढ्यांनी जीव ओतून म्हटली आहे! पण न म्हणणाऱ्या मुलाला वेगळं काढणं, त्याला कारण विचारणं थांबलंच पाहिजे.

गुरुजनांना विनंती आहे: परिसर अभ्यासाच्या तासाला केरळच्या त्या भावंडांची हकिगत सांगा, आणि मग आपल्या परिपाठाविषयी मुलांनाच बोलू द्या.