कळफलक आणि करणदोष : प्रामाण्याचा एक प्रश्न

ज्ञान स्वतःच्याच बळावर प्रमाण असते की त्याचे प्रामाण्य बाहेरच्या कसोटीवर ठरते, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील, म्हणजे ज्ञानाची साधने आणि त्यांची विश्वसनीयता तपासणाऱ्या शास्त्रातील, एक जुना वाद आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात. त्यांच्या मते ज्ञान अप्रमाण ठरवायचे असेल, तर करणदोष, म्हणजे ते घडवणाऱ्या साधनातील दोष, दाखवावा लागतो, किंवा त्याला खोडून काढणारे बाधक ज्ञान पुढे यावे लागते. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात; ज्ञानानुसार केलेली प्रवृत्ती सफल झाली, की त्यावरून प्रामाण्याचे अनुमान करता येते, असे त्यांचे म्हणणे आहे. परक्या कळफलक-मांडणीमुळे संगणकात प्रवेश नाकारला जातो, तेव्हा हाच वाद रोजच्या व्यवहारात उभा राहतो.

कळ दाबल्यावर संगणकाकडे जातो तो त्या कळेच्या स्थानाचा संकेत. त्या संकेताचे अक्षर कोणते, हे प्रणालीत निवडलेली मांडणी ठरवते. जर्मन मांडणीत वाय आणि झेड यांच्या जागा अमेरिकी मांडणीच्या उलट असतात, आणि शिफ्टसह दोनची कळ दाबली असता ॲटच्या चिन्हाऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटते. फ्रेंच मांडणीत ए आणि क्यू यांची अदलाबदल असते आणि वरच्या ओळीतील आकड्यांसाठीच शिफ्ट दाबावी लागते. भारतीय मानक ब्यूरोच्या 1991 च्या मानकात समाविष्ट असलेली इनस्क्रिप्ट मांडणी चालू राहिली, तर एचच्या कळेवर ‘प’ आणि जेच्या कळेवर ‘र’ येतो. पासवर्डच्या चौकटीत केवळ ठिपके दिसत असल्यामुळे हा पालट डोळ्यांना कळत नाही. शिवाय सुरक्षित प्रणाली मूळ पासवर्डाऐवजी त्यापासून गणिताने काढलेला हॅश जपून ठेवते, आणि एक अक्षर बदलले तरी हॅश पूर्णपणे बदलतो. त्यामुळे चूक किती आणि कोठे झाली, हे यंत्र सांगू शकत नाही.

बर्लिनमधील विद्यापीठाच्या संगणकावर पुण्यातील सवयीने पासवर्ड लिहिणारा विद्यार्थी अशा नकारावरून आपली स्मृतीच चुकली, असे अनुमान करतो. हे अनुमान सदोष आहे, कारण त्याचा हेतू सव्यभिचार आहे. म्हणजे जो नकार पुरावा म्हणून पुढे केला जातो, तो स्मृती अचूक असतानाही संभवतो. नैयायिकांची सफलतेची कसोटी येथे इतकेच सांगते, की स्मृती, बोट, कळ, मांडणी आणि नोंद या साखळीत कोठेतरी बिघाड आहे. स्मृती आधी कळलेलेच पुन्हा ग्रहण करते म्हणून मीमांसक तिला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत, हे खरे. तरीही दोष नेमका दाखवल्याशिवाय ज्ञान अप्रमाण ठरवू नये, हा त्यांचा नियम येथे अधिक उपयोगी पडतो, कारण तो साधनाच्या परीक्षेकडे वळवतो.

ही परीक्षा अवघड नाही. विंडोजच्या प्रवेश-पडद्यावर एकाहून अधिक मांडण्या बसवलेल्या असल्यास निवडलेल्या भाषेचे चिन्ह कोपऱ्यात दिसते आणि विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबून मांडणी बदलता येते. चौकटीशेजारी डोळ्याचे चिन्ह असेल, तर लिहिलेली अक्षरे पाहता येतात. तेही नसेल, तर वाय, झेड आणि ॲट ही संशयास्पद चिन्हे तेवढी वापरकर्तानावाच्या चौकटीत उमटवून पाहावीत आणि लगेच पुसावीत. संपूर्ण डिस्क कूटबद्ध केलेल्या लिनक्स संगणकावर ग्रब हा आरंभीचा प्रोग्रामच पासवर्ड विचारत असेल, तर तो सहसा अमेरिकी मांडणी गृहीत धरतो, हेही ध्यानात ठेवावे.

यंत्राचा नकार त्याच्यापर्यंत पोचलेल्या अक्षरांपुरताच खरा असतो. जाणणाऱ्याच्या ज्ञानाविषयी निवाडा देण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून पासवर्ड बदलण्यापूर्वी मांडणी तपासावी, आणि माणसाचे म्हणणे खोटे ठरवण्यापूर्वी ते ज्या साधनातून आपल्यापर्यंत आले, त्या साधनाची परीक्षा करावी.