डबक्याच्या डाव्या बाजूने

पैठण रस्त्यावरच्या बिडकीनला औद्योगिक वसाहतीचे रुंद, गुळगुळीत रस्ते झाले आहेत. ते संपतात तिथे शेताकडे जाणारी पांदण लागते, आणि माउंटन बाइकवाल्यांना नेमकी तीच हवी असते. जाड नक्षीचे टायर, पावसाळी रविवार, वीसेक जणांची राइड, चिखलातून डोकं काढणारे काळे गोटे. मजा आहे, यात वाद नाही.

प्रश्न येतो डबक्यापाशी. पुढचा स्वार चिखल पाहून हँडल जरा डावीकडे घेतो आणि कपाशीच्या कडेच्या तासावरून निघून जातो. एका चाकाने असं काय बिघडतं? मागचा मात्र चिखल बघतच नाही, पुढच्याचं चाक बघतो. विसावा येईपर्यंत पांदण शेतात हातभर शिरलेली असते, आणि हे कुणी ठरवलं म्हणाल तर कुणीच नाही.

काळ्या मातीत ओलेपणी उमटलेली चाकोरी उन्हात विटेसारखी वाळते. त्यातून बैलगाडी काढायची ती शेतकऱ्याने. अशा वाटांपायी भावकीत बोलणं बंद झालेलं असतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागत माणसं तहसीलला खेटे घालतात. आपण तिला ‘ट्रेल’ म्हणतो.

हा खेळ 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात माउंट तमाल्पाइसच्या उतारांवर वाढला. पुढे तिथल्या वाटांवर सायकलींना बंदी येऊ लागली, तेव्हा स्वारांनीच संघटना बांधून आपल्यासाठी नियम केले. चिखलाला वळसा घालू नये, मधून जावं किंवा उतरून चालावं, हा त्यांच्यातला जुना रिवाज. आपल्याकडे तो अर्धाच लागू पडतो. भिजलेली काळी माती चाकाला अशी चिकटते की मधून जाताच येत नाही. मग उरतं एकच: त्या रविवारी पांदण सोडून मुरमाची वाट धरणं. हे कुणाला आवडत नाही, कारण फोटो चिखलातलेच चांगले येतात.

राइडमध्ये पुढे म्होरक्या असतो आणि सगळ्यात मागे ‘स्वीप’, पंक्चरवाल्यांना, दमलेल्यांना सांभाळून आणणारा. म्होरक्याला वाट दिसते ती कुणी जाण्याआधीची. सगळे गेल्यावरची दिसते ती फक्त स्वीपला. तो टपरीवर पोहोचतो तेव्हा बाकीच्यांचा चहा झालेला असतो आणि पुढच्या रविवारचा मार्गही ठरलेला असतो. माझं म्हणणं एवढंच, की तो ठरवायला त्याची वाट पाहावी.