हात लावू नये

संग्रहालयात शिरले की पहिली गाठ पडते ती एका पाटीशी. ‘वस्तूंना हात लावू नये.’ चित्रांपुढे ही पाटी मला कधी जाचत नाही. चित्र डोळ्यांसाठीच असते. पण मूर्तीपुढे उभे राहिले की हात शिवशिवतात. जी वस्तू कुणीतरी चाचपून, दाबून, तासून घडवली, तिची ओळख नुसत्या डोळ्यांना कशी पटावी? तरीही पाटी खरी आहे. रोज शंभर हात फिरले तर दगडही झिजतो. जुन्या देवळातल्या नंदीची पाठ पाहावी. मूर्ती उद्याच्या माणसांसाठी राखायची तर आजच्या माणसाने हात आवरला पाहिजे. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. घडून झालेल्या दगडापाशी आपण जो संयम पाळतो, तो घडू पाहणाऱ्या मुलांपाशी का पाळत नाही?

हा प्रश्न आमच्या पलूसकडच्या माणसाला सुचावा, यात नवल नाही. शेजारची किर्लोस्करवाडी आणि साताऱ्याकडचे औंध एके काळी एकाच संस्थानात होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली यमाईच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभारले. तिथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, तशीच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची दगडातली माता आणि बालकही आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर तर मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेलेले. रंगांची पारख डोळ्यांना साधेना, म्हणून ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले; आणि १९१० साली याच राजांनी दिलेल्या माळावर त्यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. हात तोच, पण त्याची वाट त्याला चालता चालताच सापडली.

मागे एकदा पलूसच्या काही शाळकरी मुलांबरोबर मी औंधला गेलो होतो. सोबत आजच्या पिढीतले एक शिल्पकार होते. आधी संग्रहालय पाहायचे आणि मग टेकडीच्या पायथ्याशी, झाडाच्या सावलीत माती मळायची, असा बेत होता. मूरच्या मूर्तीपुढे एक मुलगी थबकली. “आई अशी कशी?” तिने विचारले. कलेच्या इतिहासावर व्याख्यान द्यायला ही नामी संधी होती. शिल्पकारांनी ते दिले नाही. “डोळे मीट आणि आपली आई आठव. पहिल्यांदा काय आठवतं?” मुलगी क्षणभर थांबली. “मांडी,” ती म्हणाली. मग ती पुन्हा मूर्तीकडे पाहू लागली, आणि पुष्कळ वेळ पाहत राहिली.

खाली मातीकाम सुरू झाले. एका मुलाने म्हैस करायला घेतली होती. पोट ऐसपैस झाले, शिंगे झोकदार झाली. पण पाय ते ओझे पेलेनात. म्हैस सारखी बसकण मारू लागली. बरोबर आलेले त्याचे वडील पुढे सरसावले, “आण इकडे, मी करून देतो.” शिल्पकार म्हणाले, “राहू द्या, दादा. म्हैस त्याची आहे.” आणि मुलाला विचारले, “बाळ, खरी म्हैस कशावर उभी राहते?” “पायांवर.” “आणि पाय?” मुलगा विचारात पडला. “हाडांवर!” शिल्पकारांनी बांबूच्या चार काटक्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि ते दुसऱ्या मुलाकडे निघून गेले. थोड्या वेळाने म्हैस उभी राहिली. एक पाय आखूड होता, मान भलतीकडे वळली होती. पण ती उभी होती, आणि त्याचीच होती.

यावर कुणी म्हणेल, की मग शिकवायचे तरी कसे? गणपती करणाऱ्यांच्या घरी पोरे वडिलांच्या हाताखालीच तयार होतात. ही शंका रास्त आहे. शिल्पकार वि. पां. करमरकर अलिबागजवळच्या सासवण्यात अशाच घरात वाढले. वडील गणपती करीत. लहानपणी देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचे चित्र काढले. ते कलेक्टर ऑटो रॉथफिल्डच्या नजरेस पडले आणि त्याने या मुलाची जे. जे. मध्ये शिकण्याची सोय केली. त्याच हाताने घडवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली पुण्यात उभा राहिला. वडिलांनी माती दिली, साहेबाने वाट दिली. या देण्यालाच मी काटक्या म्हणतो. शिवाय कारखान्यात पोर जो गणपती रंगवते तो वडिलांचा असतो आणि ते सर्वांना ठाऊक असते. तिथे लबाडी नाही.

लबाडी सुरू होते ती आपल्या माजघरात. शाळेचे हस्तकाम आई रात्री जागून पुरे करते, चित्राचे रंग दादा भरतो, आणि बक्षीस मुलाच्या हाती पडते. हे सारे मायेपोटी होते, हे मी नाकारीत नाही. पण मूल त्यातून दोन धडे घेते: आपला हात कामाचा नाही, हा एक, आणि काम न करताही शाबासकी मिळते, हा दुसरा. पहिल्याने ते भित्रे होते, दुसऱ्याने खोटे. वाकड्या मानेची म्हैस परवडली, पण हे दोन धडे फार महाग पडतात. मदत करणे आणि काम हिसकावून घेणे यांत अंतर एका काटकीएवढेच आहे. पण एक आधार आतून असतो आणि दुसरा बाहेरून लादलेला.

दिवाळीत घरोघरी अंगणात किल्ले होतील. तयार किल्लेही आता बाजारात मिळतात, पण आपण मातीच्याच किल्ल्याचे बोलू. बुरूज कलेल, गुहेचे तोंड ढासळेल, पेरलेले हळीव एकाच बाजूला उगवतील, आणि महाराजांपेक्षा मावळा मोठा दिसेल. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी दगड-विटा आणून द्याव्यात, पाण्याची बादली भरून द्यावी आणि विचारलेच तर सांगावे, की बुरुजाच्या पोटात काहीतरी घट्ट हवे. मग पायरीवर बसून चकली खावी आणि स्वस्थ पाहावे. संग्रहालयातली ती पाटी तेवढे चार दिवस अंगणात लावायला काही हरकत नाही. मात्र ती मुलांसाठी नव्हे, आपल्यासाठी.