ऋण नव्हे, ठेव

‘तुझ्यासाठी आम्ही किती खस्ता खाल्ल्या!’ हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. मुलगा मनाविरुद्ध व्यवसाय निवडतो किंवा मुलगी व्रतस्थ जीवनाची इच्छा बोलून दाखवते, तेव्हा तर हमखास. संगोपन हे आईवडिलांनी दिलेले कर्ज असून मुलांनी ते व्याजासह फेडायचे असते, असे गृहीतक त्यामागे दडलेले असते. ते कितपत टिकते, हे आपण तपासून पाहायला हवे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९७ साली या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. आईवडील एका व्यक्तीला तिच्या संमतीवाचून जगात आणतात; म्हणून तिचे पालनपोषण करणे आणि तिला स्वतःच्या अस्तित्वाविषयी समाधान वाटेल असे पाहणे हे त्यांचे कर्तव्य ठरते, असे त्याचे प्रतिपादन. म्हणजे ऋणको कुणी असतीलच तर ते आईवडील, मूल नव्हे!

मात्र जन्म देणे हाच एकमेव पाया मानला, तर दत्तक मुलाच्या आईवडिलांचे काय? संत योसेफाचे काय? येशूशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते. तरीही त्याने बाळाचे नाव ठेवले, हेरोदाच्या तलवारीपासून त्याला वाचवले, घर दिले. तेव्हा जन्माइतकाच स्वीकारही कर्तव्याला जन्म देतो. दोन्हींच्या तळाशी एकच सत्य आहे : एक असहाय जीव देवाने आपल्या हाती सोपवलेला असतो. मूल ही ठेव आहे. आणि ठेव सांभाळणारा तिचा मालक होत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी, विवेकबुद्धी जागी होईपर्यंत मूल आईवडिलांच्या छायेत जणू आध्यात्मिक गर्भाशयात असते, असे म्हटले. उपमा बोलकी आहे. गर्भाशय पोसते, तसेच वेळ भरताच मोकळेही करते. प्रौढ मुलांना व्यवसाय आणि जीवनमार्ग निवडण्याचा हक्क आहे. आईवडिलांनी सल्ला द्यावा, दडपण आणू नये, अशीच शिकवण ख्रिस्तसभेने १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात दिली आहे.

मग चौथ्या आज्ञेचे काय? ती अबाधितच राहते. वृद्ध मातापित्यांना आधार देणे हे मुलांचे पवित्र कर्तव्य आहे. पण ती देवाने मुलांना दिलेली आज्ञा आहे, आईवडिलांच्या हातातील वसुलीची पावती नव्हे. हिशेब मांडून वाढवलेली मुले उद्या हिशेबानेच वागतील. त्यांनी प्रेमाने जवळ यावे असे वाटत असेल, तर हिशेबाची वही आपणच आधी मिटायला हवी.